पोटातला फुगा: बिनऑपरेशन वजन उतरतं, पण पुढे काय?

"ऑपरेशन नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी." अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच पोटात बसवायच्या फुग्याच्या, म्हणजे गॅस्ट्रिक बलूनच्या असतात. घरात कुणाचं वजन फार असेल, सोबत शुगर किंवा गुडघेदुखी असेल, तर मोह होणं साहजिक आहे. पण पैसे भरण्याआधी हे नेमकं काय आहे ते समजून घ्या.

फुगा काम कसा करतो?

रुग्णाला गुंगी देऊन सिलिकॉनचा रिकामा फुगा तोंडावाटे जठरात सोडतात. एंडोस्कोपीने तो नीट बसला का ते पाहतात आणि मग त्यात साधारण ४०० ते ७०० मिलीलीटर सलाईन भरतात. फुग्याने जागा अडवल्यामुळे थोड्या जेवणात पोट भरतं. अन्नही जठरातून हळू पुढे सरकतं, म्हणून भूक उशिरा लागते. बहुतेक फुगे सहा महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करून काढतात. कॅप्सूलसारखा गिळायचा फुगाही आता मिळतो. तो सुमारे चार महिन्यांनी आपोआप रिकामा होऊन शौचावाटे बाहेर पडतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९८५ साली असा एक फुगा आला होता. त्याने जठरात जखमा झाल्या, आतड्यात अडथळे आले आणि काही वर्षांतच तो बंद पडला. आजचे फुगे सुधारलेले आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बीएमआय ३० ते ४० असलेल्या प्रौढांसाठी त्यांना मंजुरी दिली. बीएमआय काढणं सोपं आहे: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ८० किलो असेल, तर बीएमआय ३१ येतो.

किती उतरतं?

सहा महिन्यांत साधारण दहा टक्के, म्हणजे ९० किलोच्या माणसाचं नऊ किलोच्या आसपास. फुगा निघाल्यावर जुनं खाणं सुरू झालं, की वजन परत चढतं. निकाहाच्या तारखेआधी मुलीला बारीक करायचं, एवढ्याच हिशेबाने फुगा बसवू नका. तारीख निघून जाते, सवयी तशाच राहतात.

त्रास आणि धोके

पहिले काही दिवस मळमळ, उलट्या आणि पोटात कळा बहुतेकांना होतात. ॲसिड कमी करणारी गोळी फुगा असेपर्यंत रोज घ्यावी लागते. क्वचित फुगा फुटून आतड्यात अडकतो, जठराला भोक पडतं किंवा स्वादुपिंडाला सूज येते. २०१६ पासून जून २०१८ पर्यंत जगभरात असे फुगे बसवलेल्या १२ रुग्णांच्या मृत्यूची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केली होती. म्हणून पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात किंवा लघवी निळी-हिरवी झाली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. फुग्यात निळा रंग घातलेला असेल, तर लघवीचा रंग बदलणं ही गळतीची खूण असते.

गरोदर बायका, आधी जठराचं ऑपरेशन झालेले, अल्सर असलेले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांना हा उपाय सहसा चालत नाही.

रमजानचा विचार आधीच करा

फुगा असताना दिवसभर घोट-घोट पाणी पीत राहावं लागतं. सुरुवातीच्या उलट्यांत तर शरीर लवकर कोरडं पडतं. इफ्तारला एकदम पोटभर खाल्लं, तरी उलटी होते. शुगरच्या रुग्णाचं खाणं घटलं, की इन्सुलिन आणि गोळ्यांचा डोसही बदलावा लागतो. त्यामुळे तारीख ठरवतानाच रोज्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणखी तीन प्रश्न विचारा: फुगा काढण्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोण बघणार? नंतर आहारतज्ज्ञ किती महिने सोबत राहणार? यांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.