समुपदेशकाचा पेशा : प्रवेशाआधी परवान्याची चौकशी करा

दुकान उघडायचे म्हटले की गुमास्त्याची नोंद आली. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न परवाना हवा, तराजू ठेवायचा तर त्यावर सरकारी शिक्का हवा. आमच्या व्यापारी बांधवांना हे कुणी शिकवावे लागत नाही. परंतु मुलामुलींना नव्या पेशात घालताना हीच चौकशी करायची राहून जाते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात असेच घडत आहे.

समुपदेशक व सोशल वर्कर यांची गरज आज शाळा, इस्पितळे, व्यसनमुक्ती केंद्रे अशा सर्व ठिकाणी वाढली आहे. त्याचा फायदा घेऊन ‘तीन महिन्यांत समुपदेशक व्हा’ अशा जाहिराती केल्या जातात. यंत्रमाग चालवणारा किंवा शिवणकाम करणारा बाप पदरमोड करून फी भरतो. मुलाच्या हाती चकचकीत प्रमाणपत्र पडते. पण सरकारी नोकरीच्या अर्जात नोंदणी क्रमांक विचारला की तो रकाना कोराच राहतो. म्हणून या पेशाचे नियम आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

तीन नावे, तीन वाटा

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर आणि समुपदेशक ही तीन नावे लोक एकच समजतात. कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी आहेत. यांपैकी कोणालाही औषध लिहून देता येत नाही, ते काम डॉक्टरांचे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना या कायद्याखालील व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. नोंदणी एकदा झाली की जन्मभराची, असेही नाही. ठराविक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते.

सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दिली आहे. त्यानुसार समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. आवश्यक आहे. त्यात इस्पितळात देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करणे सक्तीचे आहे. अशा व्यक्तींची नोंद राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने ठेवायची असते. नोंदणी नसलेल्या मानसिक आरोग्य संस्थेत जाणूनबुजून व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा नोकरी देणाऱ्या संस्थेचे कागदही पाहून घ्यावेत.

राहिला समुपदेशक. या नावासाठी डॉक्टर किंवा वकिलासारखी देशभर एकच सनद नव्हती, आणि फसवणुकीला जागा मिळाली ती येथेच. २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत आरोग्य समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ तसेच क्लिनिकल, वैद्यकीय व सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नावे आली आहेत. या कायद्यात पदवी-पदविकेसाठी प्रशिक्षणाचे किमान तास दोन हजार ठरवले असून वरच्या वर्गासाठी ते छत्तीसशे आहेत. राज्य परिषदांमार्फत नोंदणी करण्याची व्यवस्थाही आहे. तीन महिन्यांचे प्रमाणपत्र या मापात कसे बसणार, हे आमच्या वाचकांनीच ठरवावे.

एम.फिल.चा घोळ

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. मात्र क्लिनिकल सायकॉलॉजी व सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेशाची मुभा दिली. त्यामुळे जुन्या माहितीपत्रकावर विसंबून पैसे भरू नयेत. त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, हे परिषदेच्या यादीत पाहूनच पाऊल टाकावे.

परदेशात काय?

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की तेथे प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. कॅलिफोर्नियात क्लिनिकल सोशल वर्करला पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखाली तीन हजार तास काम करून परीक्षा द्याव्या लागतात. भारतातील पदवी तेथे समतुल्य आहे की नाही, हेही आधी तपासून घ्यावे लागते. केवळ पदवीच्या जोरावर तेथे पाटी लावता येत नाही.

फी भरण्यापूर्वी हे विचारा

१. हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा, आणि कोणत्या परिषदेने मान्य केलेला? मान्यतेचे पत्र दाखवा.
२. यानंतर नोंदणी क्रमांक मिळेल काय? कोणाकडून?
३. प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास काम, आणि कोणत्या इस्पितळात?

या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले नाही तर उठून यावे.

मेहनत आहे, पण मार्ग आहे

एम.एस.डब्ल्यू.ला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था ही या शिक्षणाची जुनी ठिकाणे आहेत. पुढील शिक्षणासाठी बंगळुरूची निम्हान्स ही देशातील अग्रगण्य संस्था होय. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही अशी पदे असतात, मात्र त्यांपैकी अनेक कंत्राटी असतात, हे जाणून घ्यावे. खर्चाची अडचण असल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जरूर करावी.

आपल्या वस्त्यांत कर्जाच्या ओझ्याने, नशेने, घरातील कलहाने खचलेली माणसे कमी नाहीत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत ऐकून घेणारा शिकलेला माणूस जवळपास क्वचितच असतो. सध्या १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. त्याचा लाभ जरूर घ्यावा. परंतु मोहल्ल्यातल्याच मुलीने किंवा मुलाने पाच-सहा वर्षे खपून, रीतसर नोंदणी करून हे काम हाती घेतले तर त्यांच्या रोजीबरोबर समाजाचीही मोठी सोय होईल. खोट्या वजनाने माल विकणे आम्ही वाईट मानतो. दुखावलेल्या मनाचा इलाजही खऱ्या वजनानेच व्हायला हवा.