बडोद्याची कमाटीबाग
महाराज तिसरे सयाजीराव अद्याप अज्ञान होते व दिवाण सर टी. माधवराव रियासतीचा कारभार पाहत होते, अशा १८७९ साली विश्वामित्रीच्या तीरावर जी कमाटीबाग, म्हणजे आजची सयाजीबाग, सिद्ध झाली, ती सुमारे ११३ एकरांची असून, रयतेच्या विहारासाठी संस्थानी दौलत खर्ची पडल्याचे इतके रम्य उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. बागेतील फुलझाडांच्या घड्याळाचे काटे फिरविणारे यंत्र जमिनीखाली दडलेले आहे. पण त्याहून मोलाची वाटते ती योजना, जिच्यामुळे १८९४ चे वस्तुसंग्रहालय बागेच्या आवारातच उभे राहिले आणि हवा खाण्यास आलेल्या सामान्य माणसालाही आज निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा पाहावयास मिळतो. विश्वामित्रीत मगरी आहेत. म्हणून नदीकाठी मुलांचा हात अवश्य धरावा.