'भालापक्ष' : एका जुन्या इंग्रजी संज्ञेचा अर्थ

पुरुषपरंपरेने चालणाऱ्या वंशशाखेस इंग्रजीत 'स्पिअर साइड', म्हणजे भाल्याची बाजू, असे म्हणतात. भाल्याच्या उल्लेखामुळे या संज्ञेचा संबंध शौर्याशी जोडण्याचा मोह होतो. परंतु तिचा मूळ प्रयोग रणवर्णनातील नसून मृत्युपत्रातील आहे.

वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (मृत्यू इ. स. ८९९) याच्या मृत्युपत्रात 'स्पेरेहेआल्फ' व 'स्पिन्लहेआल्फ' हे शब्द जोडीने येतात. पहिल्यात भाला आहे, दुसऱ्यात सूत काढण्याची टकळी. 'हेआल्फ' म्हणजे बाजू. आपल्या आजोबांनी आपली जमीन भाल्याच्या बाजूस दिली होती, टकळीच्या बाजूस नव्हे, असे आल्फ्रेड नमूद करतो. येथे भाला हे केवळ पुरुषत्वाचे चिन्ह होय. जुन्या इंग्रजीत पुरुषास 'वॅपनेडमान', म्हणजे शस्त्रधारी मनुष्य, असा शब्दच होता. अँग्लो-सॅक्सन पुरुषांच्या थडग्यांत तलवार क्वचित, तर भाला पुष्कळदा आढळतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मात्र या संज्ञेवरून स्त्रियांना भूमी मिळतच नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आल्फ्रेडने आपल्या मुलींनाही जमिनी दिल्या. आजोबांनी मिळविलेली एखादी जमीन आपण स्त्रीकडे दिली असल्यास, ती तिच्या हयातीत घेऊ इच्छिणाऱ्या आप्तांनी तिचे मोल द्यावे, असे तो सांगतो. आपली मालमत्ता स्त्रीच्या वा पुरुषाच्या हाती, वाटेल तशी देण्याचा आपणास अधिकार आहे, हे त्याचे त्यामागील कारण. म्हणजे भालापक्ष ही एका दात्याने विशिष्ट जमिनीस घातलेली मर्यादा होती. समाजाचा सर्वसाधारण कायदा म्हणून ती वाचता येत नाही. किंबहुना ती ओलांडण्याची वाट त्याच लेखात आखलेली आहे.

जर्मन विधिपरंपरेत 'श्वेर्टमागेन' (तलवारीचे आप्त) व 'श्पिंडेलमागेन' (टकळीचे आप्त) अशी जोडी आढळते. तेथे भाल्याच्या जागी तलवार आली, भेद मात्र तोच राहिला.

मराठीत या संज्ञेसाठी मिताक्षरेतील 'गोत्रज' हा शब्द योजणे सोयीचे वाटले, तरी त्यासोबत गोत्राची परकी कल्पना मूळ लेखात शिरते. तेव्हा 'भालापक्ष' असा शब्दशः पर्याय ठेवून 'पुरुषपरंपरेची शाखा' असे विवरण देणे अधिक निर्दोष होय.