प्रश्न नसेल तर भाजीचं नाव लिहा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका मराठी शाळेत सातवीच्या वर्गावर डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा वर्गशिक्षिकेलाच बाहेर पाठवलं. कारण साधं होतं. टीचरना प्रत्येकाचं अक्षर ओळखता येतं. मग वहीचं अर्धं-अर्धं पान वाटलं. नाव घालायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचा. "प्रश्न नसेल तर आज डब्यात कुठली भाजी आहे ते लिहा. पण लिहायचं सगळ्यांनी." ही युक्ती मला बेहद्द आवडली. सगळ्यांचीच पेनं चालली, की शेजारचा खरंच काही विचारतोय की भेंडी लिहितोय, ते कळायला मार्ग नाही.

मुलं-मुली एकत्रच बसली होती. या वयात मुली साधारण दोन वर्षं आधी वाढीला लागतात, त्यामुळे बाकावरच्या पुष्कळजणी मुलग्यांपेक्षा चांगल्या उंच. पाळीचा विषय निघाल्यावर मागून खुसखुस सुरू झाली. "हसा की," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून पॅड काढून टेबलावर ठेवलं. कर्नाटक शासनाच्या शुचि योजनेतली पॅड मुलींना मिळतात, पण ती त्यांना वेगळं बोलावून दिली जातात. मुलग्यांना त्या पाकिटात काय असतं याचा पत्ताच नसतो.

बाईंनी पेल्यात कोकमाचं पाणी आणलं होतं. चहाचा चमचा भरून एकेक चमचा त्या पॅडवर सोडू लागल्या आणि वर्ग मोठ्याने मोजू लागला. सात झाल्यावर थांबल्या. "चार-पाच दिवसांत मिळून साधारण एवढं जातं. तीस ते चाळीस मिलिलिटर. कुणाला थोडं जास्त." पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "एवढंच?" त्याने तांब्याभर तरी कल्पिलं असावं. खुसखुस तिथेच संपली. मुलग्यांना बाहेर काढून हा तास घेणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यासाठीच.

मग चिठ्ठ्या. दोन-तीन कानडीतही होत्या. शरीराविषयीच्या बहुतेक चिठ्ठ्यांत एकच धास्ती: माझं बरोबर चाललंय ना? पाळी एका महिन्यात आली, पुढच्या महिन्यात नाही. (पहिली दोन-तीन वर्षं अंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंतही जातं.) झोपेत चड्डी ओली होते, अशक्तपणा येईल का? (नाही. वीर्य तयार होतच असतं, ते असं बाहेर पडतं.) मुलगा असून छातीत गाठ लागते, दुखते. यावर बाई जरा रेंगाळल्या, कारण ही गोष्ट मुलग्यांना कुणीच सांगत नाही. या वयात जवळजवळ निम्म्यांना अशी गाठ होते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप विरते. खिडकीजवळच्या एकाने तेवढ्यात दप्तर उघडून उगाचच काहीतरी शोधायला घेतलं.

'पाळीत गणपतीला हात लावला तर?' या चिठ्ठीवर बाई म्हणाल्या, "शरीराला काही होत नाही, देव रागावत नाही. घरच्या रीतीचं आईशी बोला." उत्तर थोडं सांभाळून दिलेलं, पण ज्यांना उद्या पुन्हा वर्गात यायचंय, त्यांना असंच बोलावं लागतं.

हे सगळं उघड बोलता यावं म्हणून र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसल्या. पुढे केंद्राने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला, तर २००७ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही सरकारांनी त्याला मनाई केली. सीमाप्रश्नात जे कधी जमलं नाही ते एकमत इथे झालं!

शेवटच्या चिठ्ठ्यांना मात्र शरीरशास्त्र पुरेना. 'मैत्रिणींनी मला ग्रुपमधून काढलं.' 'तो फोटो मागतोय, नाही दिला तर बोलणार नाही म्हणतोय.' इथे बाईंचा आवाज बदलला नाही, वेग तेवढा उतरला. फोटो पाठवून झाला असला तरी तुमची चूक मोजायला कुणी बसणार नाही, मोठ्या माणसाला सांगा. कोणी सापडलं नाही तर १०९८ला फोन करा, पैसे लागत नाहीत. अठरा वर्षांखालच्यांसाठी २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, हेही त्यांनी एका दमात सांगितलं. ग्रुपच्या चिठ्ठीला मात्र उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं, "असं कुणाकुणाचं झालंय?" आधी एक हात, मग हळूहळू अर्धा वर्ग.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा आहे. बाप फारसे येत नाहीत, असं बाई म्हणाल्या. आया येतात, सगळ्यांसमोर काही बोलत नाहीत आणि सभा संपल्यावर कोपऱ्यात गाठून मुलांनी चिठ्ठ्यांत लिहिलेलेच प्रश्न विचारतात.