‘फेक आहे’ म्हणून भागत नाही: साथ, अफवा आणि आपला फॅमिली ग्रुप

आज सुरुवातीलाच कबुली देतो. साथीच्या काळात अफवा कशी खोडायची, यावरचा हा भाग मी स्वतः चुकलो म्हणून करतोय.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आतेभावाला डेंगी झाला. आत्यानं फॅमिली ग्रुपवर कुणाचा तरी ऑडिओ टाकला: ताप उतरला की डेंगी संपला, हॉस्पिटलवाले उगाच घाबरवून ॲडमिट करतात, पपईच्या पानांचा रस द्या, बास. मी खाली लिहिलं, ‘फेक आहे हे. शिकलेली माणसं असलं पाठवतात?’ वर तीन हसणारे इमोजी. भावंडांनी अंगठे दिले. मला वाटलं, जिंकलो!

आत्या ग्रुप सोडून गेली. चौथ्या दिवशी भावाचा ताप उतरला, घरात सगळे निवांत. पण त्याचं पोट दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. हे तिनं आम्हाला कळवलंच नाही. कशी कळवेल? शेजारच्या काकूंनी त्याला रिक्षात घालून नेलं, म्हणून वेळेत उपचार मिळाले.

आता खरी माहिती नीट ऐका. डेंगीत ताप उतरतो त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, धोका वाढू शकतो. जोराची पोटदुखी, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं किंवा बेचैनी, यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घ्यायचं नाही, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि पपईच्या रसाच्या भरवशावर थांबायचं तर अजिबात नाही.

मग मी विचार करायला लागलो, आत्याला हॉस्पिटलचीच भीती का वाटली? उत्तर सापडलं सव्वाशे वर्षं जुन्या मुंबईत.

सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. अफवा काय होती? आत नेलेल्या माणसाला मारतात आणि त्याच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढतात.

हसू येतं ना? पण जरा त्यांच्या जागी उभे राहा. घरातलं माणूस जबरदस्तीनं उचलून नेतात, तुम्हाला त्याच्यापासून तोडतात, आणि गेलेले बरेच जण परत येत नाहीत. का, ते कुणी तुमच्या भाषेत सांगत नाही. जिथे उत्तर नसतं, तिथे अफवा शिरते.

सरकारनं आणखी जोर लावला. 1897 मध्ये साथरोग कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या. लोक रुग्ण लपवू लागले. रुग्ण लपला की साथ थांबवणार कशी?

फरक कशानं पडला? जबरदस्ती सैल झाली आणि वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं चालवता आली, तेव्हा लोकांना आत ओळखीचे चेहरे दिसले. लसीचंही तसंच. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 ला स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. तरीही लसीबद्दल अफवा होत्याच. मग तरुण आगाखान यांनी लोकांसमोर लस घेतली आणि खोजा समाजातले अनेक जण पुढे आले. भीती घालवली ती आपल्या माणसानं.

आत्याच्या अफवेतही एक खरा कण होता. आदल्याच वर्षी काकांच्या आजारपणात एका हॉस्पिटलच्या बिलानं त्यांचं कंबरडं मोडलं होतं. मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी फोन केला. आधी माफी मागितली. मग म्हटलं, ‘आत्या, बिलाची भीती खरी आहे. आपण सरकारी दवाखान्यात दाखवू, मी येतो बरोबर. पण ताप उतरल्यावर जास्त लक्ष ठेवायचं असतं, हे लक्षात ठेव.’ ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अरे, हे आधीच असं सांगायचं की!’

म्हणून आता मी चार गोष्टी पाळतो. ग्रुपवर पाणउतारा नाही, वेगळा फोन करायचा. आधी विचारायचं, ‘तुला भीती कशाची वाटते?’ त्यातलं जे खरं असेल ते मान्य करायचं. आणि अफवा पुन्हा न उगाळता खरी गोष्ट सोप्या शब्दांत सांगायची, पुढे काय करायचं त्यासकट.

आत्या आता ग्रुपवर परत आलीये. परवा तिनंच व्हॉइस नोट टाकली, डेंगीत ताप उतरल्यावर काय बघायचं ती. माझ्या आवाजापेक्षा तिचा आवाज आमच्या घरात जास्त लांब जातो.

तुमच्या घरातला तो आवाज कुणाचा? आज त्यांना फोन करा. भेटू पुढच्या भागात!