जुन्या यंत्रांची ओळख – भाग 9
पितळी खुंट्यांची पेटी

पेटी सागवानी आहे की शिसवी, हे फोटोवरून नक्की कळत नाही. वरची पाटी मात्र एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, आहे यात शंका नाही. मूळचा काळा रंग उडून ती हिरवट-तपकिरी झाली आहे आणि जुने एबोनाइट उजेडात राहिले की असेच होते. पाटीवर जाड पितळी ठोकळ्यांच्या रांगा आहेत. शेजारशेजारच्या दोन ठोकळ्यांमध्ये एक गोल भोक, त्यात निमुळती पितळी खुंटी, आणि प्रत्येक भोकापाशी कोरलेला एक आकडा. पुढच्या कडेला दाबायच्या दोन पट्ट्या आहेत. कंपनीचे नाव कुठेच नाही. तळाला चिकटवलेला कागद वाळवीने खाल्ला आहे.

फोटो पाठवणाऱ्या वाचक ताई संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला राहतात. वडील मुंबईत टपाल व तार खात्यात होते. खात्याने भंगारात काढलेली ही पेटी त्यांनी घरी आणली आणि त्यांच्या पश्चात ती मुलीबरोबर समुद्रापार गेली. तिथे बंदरावर काम करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनने तिला जुना मेगर, म्हणजे विद्युतरोधन तपासायचे यंत्र, ठरवले, दुसऱ्या कुणी रेडिओचा भाग म्हटले. ताईंचे प्रश्न दोन आहेत: हे आहे काय, आणि चालू कसे करायचे?

दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. ओळख पटेपर्यंत कोणत्याही जुन्या उपकरणाला वीज द्यायची नाही. या पेटीत तर चालू करण्यासारखे काही नाहीच. ट्रान्सफॉर्मर नाही, काटा नाही, मेगरला असतो तसा फिरवायचा दांडाही नाही. आहेत ते फक्त आकडे, आणि ओळख त्यांच्यातूनच पटते.

वरच्या रांगेत 1000, 100, 10 आणि पुढे 10, 100, 1000 असे आकडे आहेत. मधोमध आरसा धरावा तशी ही मांडणी आहे. खालच्या रांगांत 1, 2, 3, 4. मग 10, 20, 30, 40. मग शेकडे आणि हजार, शेवटी 4000. या खालच्या आकड्यांची बेरीज 11,110 होते, आणि यांतून निवडून 1 पासून 11,110 पर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या जुळवता येते. म्हणजे प्रत्येक भोकाखाली तेवढ्या ओहम रोधाचे वेटोळे आहे. खुंटी घट्ट बसलेली असताना प्रवाह पितळेतून सरळ निघून जातो. ती उपसली की त्याला खालच्या तारेतून जावे लागते. एका भोकापाशी आकड्याऐवजी ‘आयएनएफ’ अशी अक्षरे आहेत, अनंत या अर्थाने. ती खुंटी काढली की वाटच तुटते.

आरशातल्यासारख्या दोन भुजा आणि एक बदलती भुजा, असे तीन रोध. चौथा बाहेरून जोडायचा आणि तोच मोजायचा. हा व्हीटस्टनचा सेतू आहे. कल्पना सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली, चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती 1843 मध्ये सर्वांपुढे आणली आणि नाव त्यांचेच पडले. या विशिष्ट पेटीला म्हणतात पोस्ट ऑफिस बॉक्स. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केलेल्या अनेकांनी प्रॅक्टिकलला याच खुंट्या उपसल्या असतील. पण या नावाशी टपालाचा काय संबंध, हे प्रयोगवहीत सहसा लिहिलेले नसते. ब्रिटनमधली तारसेवा 1870 मध्ये टपाल खात्याकडे गेली आणि खात्याचे तंत्रज्ञ तारांचा रोध मोजायला, बिघाड शोधायला असली पेटी घेऊन फिरत.

ओळख पटली, आता वय काढायचे. इथे ताईंनी फार चांगले काम केले. त्यांना मी साध्या, पण अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी चूक असलेल्या मल्टीमीटरने मोठे रोध मोजायला सांगितले होते. एसीच्या खोलीत, 24 अंशांना, आकडे आले ते असे: 100 च्या जागी 98.9, 1000 च्या जागी 989 आणि 4000 च्या जागी 3956. तार जुनी होऊन बिघडली असती तर प्रत्येक वेटोळे आपापल्या परीने बिघडले असते. इथे सगळी एकाच प्रमाणात, 1.1 टक्क्याने कमी आहेत. म्हणजे चूक पेटीची नाही, बनवणाऱ्याचा ओहमच वेगळा होता.

ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिक संस्थेने 1865 मध्ये रोधाचे आपले एकक प्रसृत केले. ते आजच्या ओहमच्या सुमारे 0.987 पट भरते. 1884 मध्ये पॅरिसला ‘कायदेशीर ओहम’ ठरला, तो सुमारे 0.997 पट. 1893 मध्ये शिकागोला ठरलेला आंतरराष्ट्रीय ओहम आजच्याच्या अगदी जवळ आहे. त्या काळच्या पेट्या थंड इंग्लंडात 15-16 अंशांना जुळवत आणि प्लॅटिनम-चांदीच्या मिश्रधातूचा रोध दर अंशाला साधारण 0.03 टक्क्याने चढतो. 8 अंशांची ही वाढ धरली की 987 चे 989 होतात. ताईंची पेटी ब्रिटिश असोसिएशनच्या एककातली आहे. 1880 च्या दशकानंतर ते एकक मागे पडले, म्हणजे पेटीचे वय सव्वाशे वर्षांच्या बरेच पुढे गेले. तळाचा कागद वाळवीने खाल्ला तरी कारखान्यातला ओहम तारेत शिल्लक राहिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

ही पेटी फुजैराला जाऊन पोहोचली, यालाही अर्थ आहे. फुजैराच्या उत्तरेला, त्याच डोंगररांगेच्या टोकाशी मुसंदम आहे. हिंदुस्थान आणि युरोप जोडणाऱ्या तारमार्गासाठी 1864 मध्ये ग्वादरहून मुसंदमला, तिथून इराणच्या आखातातल्या बुशहर आणि फाओला समुद्रतार टाकली गेली. काम सर चार्ल्स ब्राइट यांच्या देखरेखीखाली झाले. विलायतेहून तार घेऊन आलेल्या शिडाच्या जहाजांपैकी ‘ट्वीड’ हे मूळचे ‘पंजाब’, मुंबईच्याच गोदीत वाडियांनी बांधलेले. मुसंदमच्या एका खाडीतल्या उघड्या खडकावर तारघर उभे राहिले. त्या बेटाला आजही टेलिग्राफ आयलंड म्हणतात. तिथला उन्हाळा आणि एकांत कर्मचाऱ्यांना काही वर्षेच सोसावा लागला, कारण 1868 च्या अखेरीस ते ठाणे सोडण्यात आले. या तारखात्यात 1863 मध्ये रुजू झालेले हेन्री मान्स यांचे नाव हेलिओग्राफमुळे प्रसिद्ध आहे. पण बॅटरीचा अंतर्गत रोध याच सेतूने मोजण्याची जी रीत कॉलेजात शिकवतात, तीही त्यांचीच.

समुद्रतार तुटली की पहिला प्रश्न असायचा: किती मैलांवर? समजा, 400 सागरी मैलांची तार आहे, दर मैलाला 6 ओहम, म्हणजे एकूण 2400. मध्ये कुठेतरी आवरण फाटून प्रवाह समुद्रात झिरपतो आहे. एका टोकाने मोजले तर 1000 ओहम आले, दुसऱ्याने 1800. दोन्ही आकड्यांत त्या जखमेचा स्वतःचा रोध मिसळलेला आहे, आणि तो किती ते कुणालाच माहीत नाही. पण एकातून दुसरा वजा केला की तो उडून जातो. 1000 वजा 1800 अधिक 2400, त्याचे निम्मे: 800 ओहम. सहाने भागले की 133 मैल. दुरुस्तीचे जहाज तिथे जाऊन तार उचलायला लोखंडी आकडा टाकते. दोन दाबपट्ट्या असतात त्या यासाठीच: आधी बॅटरीची दाबायची, लांब तार भरून प्रवाह स्थिरावू द्यायचा, मग बाहेरून जोडलेल्या गॅल्व्हनोमीटरची. क्रम चुकला तर काटा उगाच झेपावतो.

आज फुजैराच्या किनाऱ्यावर काचतंतूंच्या तारा उतरतात. ‘फ्लॅग’ 1997 मध्ये आली, पुढे सी-मी-वी मालिकेतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तारा आल्या. तंतू तुटला तर प्रकाशाचा ठोका पाठवून प्रतिध्वनी किती वेळात येतो ते पाहतात; काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणून एक मिलिसेकंदाने आलेला प्रतिध्वनी 100 किलोमीटरवरची तूट दाखवतो. मात्र या तारांत मधल्या प्रवर्धकांना वीज पोहोचवणारा तांब्याचा वाहकही असतो. नुसते आवरण फाटून तो समुद्राच्या पाण्याला लागला, तर बिघाडाचे अंतर आजही विद्युत मापनानेच काढतात.

ताईंसाठी आता काळजीच्या गोष्टी. पितळ चकचकीत करायला पॉलिश लावू नका. त्याची भुकटी भोकांत बसते आणि खुंटीचा स्पर्श बिघडतो. कोरड्या सुती कापडावर थेंबभर स्पिरिट घेऊन खुंट्या पुसल्या तरी पुरे. खुंटी बसवताना आणि काढताना किंचित पीळ द्या, ठोकू नका. पेटी खिडकीपासून दूर ठेवा, कारण उजेड आणि दमट हवा मिळून एबोनाइटमधल्या गंधकाचे आम्ल होते आणि प्रवाह पृष्ठभागावरूनच झिरपू लागतो. बंदरावरच्या मित्रांना तिला मेगर मात्र लावू देऊ नका. त्याचे 500 व्होल्ट या नाजूक वेटोळ्यांसाठी नाहीत. आणि मोजलेले आकडे, त्या दिवशीचे तापमान, वडिलांचे नाव आणि खाते एका कागदावर लिहून तो पेटीतच ठेवा.

पुढच्या आठवड्यात या पेटीचा जोडीदार: आरशाचा गॅल्व्हनोमीटर.