वार ठरलेला बाजार

जिना चढून वर जावे, दारापर्यंत पोहोचावे, आणि घंटीवर बोट न ठेवताच माघारी फिरावे, असे माझ्या हातून एकदा नव्हे, तीनदा घडले आहे. महसूल खात्याच्या दप्तरात तीस वर्षे काढलेला आणि वरिष्ठांच्या दालनात शिरताना सहसा न अडखळणारा मी, कुलाब्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील त्या काचेच्या दारापुढे मात्र, आतील शुभ्र भिंती, टेबलामागे मान खाली घालून काम करणारी तरुणी, आणि कोठेही किमतीचा आकडा नसलेली ती चित्रे पाहून, आपण येथे कोणत्या अधिकाराने शिरावे या विचाराने खजील होत असे. अखेर मी आत गेलो तो जानेवारीतल्या एका गुरुवारी. ते दार सताड उघडे होते, आणि जिन्यावर माणसांची इतकी वर्दळ होती की मागे फिरायलाच वाव नव्हता. तो ‘मुंबई गॅलरी वीकेंड’चा पहिला दिवस होता.

मुंबईच्या व्यापाराची एक जुनी रीत आहे: एका जिनसाची दुकाने एकाच गल्लीत नांदतात. सोने घेणाऱ्याने झवेरी बाजारात जावे, कापड घेणाऱ्याने मंगळदास मार्केटात, विजेचे सामान घेणाऱ्याने लोहार चाळीत. वरवर पाहता हे शेजारी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवीत असतात; परंतु पारख नसलेल्या माणसाला चार दुकाने हिंडून, चार भाव ऐकून, हळूहळू पारख यावी, याची तजवीज ती गल्लीच करीत असते. चित्रांच्या गॅलऱ्यांना अशी गल्ली नाही. कुलाबा, फोर्ट, बॅलार्ड इस्टेट या भागांत, कोठे जुन्या गोदामाच्या पोटात तर कोठे कचेऱ्यांच्या मजल्यांवर त्या विखुरलेल्या आहेत, आणि माहितगार सोबत असल्यावाचून त्यांचा ठिकाणा लागत नाही. जे काम जागेने साधत नाही ते वाराने साधून घ्यावे, ही युक्ती मात्र आपल्याकडे जुनीच आहे. देशावरच्या गावांना आठवडेबाजाराचा वार असतो, आणि पुण्याच्या पेठा तर वारांचीच नावे मिरवतात. २०१२ साली मुंबईतील गॅलऱ्यांनी एकत्र येऊन वर्षातले काही दिवस मुक्रर केले, तेव्हा, कळत वा नकळत, त्यांनी आपला आठवडेबाजारच भरवला.

युरोपातही ही बुद्धी स्पर्धकांनाच सुचली होती. १९६७ साली जर्मनीतील कोलोन शहरी अठरा गॅलऱ्यांनी संघटित होऊन ग्युर्त्सेनिश नावाच्या मध्ययुगीन सभागृहात चित्रांचा बाजार मांडला, आणि आधुनिक कलामेळ्यांची परंपरा तेथून सुरू झाली. आपल्या शहरात नवख्या रसिकाला पूर्वी आधार होता तो १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनाचा. पावसाची सर चुकवण्यासाठी आत शिरलेला पादचारीही तेथे चित्रापुढे उभा राही, आणि त्याला कोणी हटकत नसे. त्याच वास्तूच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड उघडली. तिचे मूळ चित्रांच्या फ्रेमा बनवण्याच्या धंद्यात होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण भिंतीवर काय लावावे हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाशी बोलता येणे, हेच या व्यवसायाचे बीज आहे.

या खेपेच्या गॅलरी वीकेंडला मी एक दिवस आधीच, बुधवारी, परवानगी काढून कुलाब्यातील त्याच गॅलरीत गेलो. चित्रे टांगण्याचे काम चालू होते. ते करणारे गृहस्थ सिंधुदुर्गाकडचे, साठीच्या घरातले. सर्वजण त्यांना काका म्हणत होते. हातात पाणसळ, कानावर पेन्सिल, खिशात मापाची फीत. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा असा हिशेब ते मांडीत, बारीकशी खूण करीत, मग चार पावले मागे जाऊन, एक डोळा मिटून, पाणसळीने मान्य केलेल्या चित्रालाही केसभर हलवीत. “पाणसळ भिंतीपुरती खरी,” ते मला म्हणाले, “जुन्या इमारतीचं छतच कलतं असेल तर डोळ्याचं ऐकायचं.”

तिकडे टेबलापाशी निराळेच टांगणे चालू होते. गॅलऱ्यांच्या संघटनेने सिद्ध केलेल्या नकाशाचे गठ्ठे आले होते. त्यात सर्व गॅलऱ्या क्रमांकवार, पायी फिरता यावे अशा रीतीने मांडलेल्या. कोणत्या गॅलरीत चित्रकार स्वतः किती वाजता चित्रांविषयी बोलणार, दारे रात्री कोठवर उघडी राहणार, एकाचा कार्यक्रम दुसऱ्याच्या कार्यक्रमावर पडत नाही ना, याची खातरजमा फोनवरून चालली होती. फोनच्या त्या टोकाला अर्थातच प्रतिस्पर्धी. आपल्या दारी आलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता आपणहून द्यावा, हा व्यापारधर्म मी आजवर पाहिला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी डोंबिवलीहून आलेले एक तरुण जोडपे एका लहानशा छापचित्रापुढे बराच वेळ उभे होते. ती दोघे दोनदा बाहेर जाऊन परत आली. शेवटी बाईंनी टेबलापाशी जाऊन, जणू काही उणे बोलत असावे अशा दबक्या सुरात विचारले, “किंमत विचारली तर चालेल ना?”

“ताई, विचारायचीच असते,” ती तरुणी हसून म्हणाली, आणि दरपत्रक तिने सरळ त्यांच्या हाती दिले.

त्यानंतरचा अर्धा तास मी आडून ऐकला, हे कबूल करतो. चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेल्या ७/२५ या आकड्याचा अर्थ तिने सांगितला: एका पत्र्यावरून काढलेल्या पंचवीस छापांपैकी हा सातवा, आणि प्रत्येकावर चित्रकाराची सही. कागदामागे आम्लरहित पुठ्ठाच हवा, नाही तर काही वर्षांत कागद पिवळा पडतो. समोरून ऊन येईल अशा किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते लावू नये. रक्कम तीन हप्त्यांत दिली तरी चालेल. विक्रीच्या रकमेचा साधारण निम्मा भाग चित्रकाराला जातो, हेही तिने, कोणी विचारले नसता, सांगितले. मग चित्राच्या नावाच्या पट्टीशेजारी, विकले गेल्याची खूण म्हणून, तिने लाल ठिपका चिकटवला. पुन्हा मुद्दाम परत येऊन त्या ठिपक्याकडे पाहणाऱ्या त्या बाईंच्या मुद्रेवरील भाव मी विसरणार नाही.

पुढे जे कागद तयार झाले त्यांनी मात्र माझ्यातला कारकून जागा झाला. पावती, अस्सलपणाचा दाखला, चित्राचे माप, माध्यम, वर्ष, छापाचा क्रमांक, विकणाऱ्याची सही: हा चित्राचा सातबाराच. उद्या ते चित्र वारसाने मुलांकडे जावो की दुसऱ्याला विकले जावो, प्रत्येक फेरफाराची नोंद याच दस्तावर चढत जाणार, आणि कब्जा कोणापासून कोणाकडे गेला याची साखळी जितकी अखंड, तितके ते चित्र निर्वेध. जमिनीच्या कामात कागद हरवलेल्या कुळांचे हाल मी जन्मभर पाहिले. म्हणून नवख्या ग्राहकाला संघटनेने चित्र निवडण्याआधी कागद मागायला शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

नवख्या ग्राहकाची भीतीही काही अकारण नसते. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेनांची ‘ग्रामयात्रा’ २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना गेली, अशी वार्ता वाचून सामान्य माणूस चित्राच्या वाटेलाच जात नाही. लिलाव हा कीर्तीच्या शिखरावरचा, चित्रकाराच्या हातून कधीच सुटलेल्या चित्रांचा सौदा. गॅलरी ही चित्रकाराच्या हयातीतील, त्याच्या पुढच्या चित्राची बेगमी करणारी जागा. हा भेद समजावणारे कोणी तरी हवे असते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चित्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने ओझे हलके झाले खरे. परंतु दरपत्रक मागण्याचे धैर्य करकपातीने येत नाही.

संघटनेने सर्व साधते असेही नाही. भिंतीवर किंमत आजही नसते. ती टेबलावरच्या कागदात असते, आणि तो कागद मागावा लागतो. नकाशात ज्यांची गॅलरी आहे त्यांचाच चित्रकार नकाशात येतो. सांगली-नांदेडकडच्या होतकरू मुलाला तेथवर पोहोचण्यास दुसराच जिना चढावा लागतो.

तरीही, पुढच्या मंगळवारी, कोणताही वार ठरलेला नसताना, मी तो जिना पुन्हा चढलो. दार बंद होते. घंटी वाजवली. आत भिंतीवर काकांनी लावलेली चित्रे तशीच होती, आणि लाल ठिपके सहा झाले होते. एका चित्राची किंमत मी विचारली. ती माझ्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेरची निघाली. “दुसरी दाखवू का, काका?” त्या तरुणीने विचारले, आणि मी खुर्ची ओढून बसलो.